गोपनीयता करार: सही करण्याआधी आणि केल्यानंतर

"पुढचं दाखवण्याआधी एवढी एक सही लागेल," म्हणत कुणीतरी तीन-चार पानं पुढे सरकवतं. समोरचा माणूस ताटकळलेला असतो, पानांवरची भाषा किचकट असते, आणि आपण शेवटच्या पानावर जाऊन सही करून मोकळे होतो. आपलीच माहिती दुसऱ्याला द्यायची वेळ आली तरी फार वेगळं घडत नाही. कुठला तरी तयार मसुदा उतरवून घ्यायचा, नावं बदलायची आणि पाठवून द्यायचा. पुढे वाद झाला की असा करार बाहेर काढला जातो. सही जागेवर असते, पण नेमकी कोणती माहिती दिली आणि ती कशासाठी दिली, या दोन प्रश्नांची उत्तरं त्या पानांत सापडत नाहीत. सगळा करार याच दोन प्रश्नांवर उभा असतो, म्हणून या लेखात सर्वात जास्त वेळ मी त्यांनाच देणार आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. एका संशोधिकेने पंपासाठी गळती न होणारं नवं सील तयार केलं आहे. ते मोठ्या संख्येने बनवता येईल का, हे तिला एका कारखान्याकडून तपासून घ्यायचं आहे.

करारात दोन वचनं असतात

गोपनीयता करार, म्हणजे आपण ज्याला सहसा एनडीए म्हणतो, त्यात माहिती घेणारा दोन गोष्टी कबूल करतो. ही माहिती इतरांना सांगणार नाही, आणि ठरलेल्या कामाशिवाय वापरणार नाही. पहिलं वचन सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं विसरलं जातं. कारखान्याने सीलचा आराखडा कुणालाही दाखवला नाही, पण स्वतःच तसं सील बनवून विकायला सुरुवात केली, तर माहिती कुठेच फुटलेली नाही आणि संशोधिकेचं मात्र पुरतं नुकसान झालं आहे. ज्या मसुद्यात फक्त "उघड करणार नाही" एवढंच लिहिलेलं असतं, तो अर्धाच मसुदा असतो.

लेखी करार नसेल तर काहीच हक्क नाही, असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये १९६८ साली कोको विरुद्ध क्लार्क हा खटला एका मोपेडच्या इंजिनावरून झाला. इंजिनाचा आराखडा करणारे कोको आणि क्लार्क ही कंपनी यांच्यात बोलणी झाली, कंपनीला तपशील दिले गेले, पुढे बोलणी फिसकटली आणि कंपनी स्वतःचं इंजिन बनवू लागली. न्यायमूर्ती मेगरी यांनी त्या निकालात तीन कसोट्या सांगितल्या. माहिती मुळात गोपनीय स्वरूपाची हवी. ती विश्वासाने दिली आहे हे कळेल अशा परिस्थितीत दिलेली हवी. आणि परवानगीशिवाय तिचा वापर होऊन देणाऱ्याचं नुकसान झालेलं हवं. कोको यांना त्या टप्प्यावर मनाई हुकूम मिळाला नाही, कारण नेमकी कोणती माहिती गोपनीय होती हे ते पुरेसं दाखवू शकले नाहीत. करार या तीनपैकी दुसऱ्या कसोटीचं ओझं उतरवतो. पहिलीच्या बाबतीत तो काही करू शकत नाही. बाजारात आधीच असलेली गोष्ट कागदावर "गोपनीय" लिहिल्याने गोपनीय होत नाही.

कराराचं आणखी एक काम आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या कराराचं ३९ वं कलम व्यापारी गुपिताला संरक्षण देतं, पण तीन अटींवर: माहिती गुप्त हवी, गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल हवं, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी मालकाने योग्य ती काळजी घेतलेली हवी. युरोपीय संघाचा २०१६ चा निर्देश आणि अमेरिकेचा त्याच वर्षीचा कायदा याच विचारावर उभे आहेत. बाहेरच्या माणसाला करार न करताच सगळं दाखवलं, तर तिसऱ्या अटीवर बोट ठेवायला समोरच्याला जागा मिळते.

पेटंट घ्यायचा विचार असेल तर सावधगिरी अजून वाढवावी लागते. युरोपात अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला की त्याचं नावीन्य संपतं. गोपनीयतेच्या बंधनाखाली दाखवलेला शोध जाहीर झाला असं तिथे धरत नाहीत, म्हणून अर्जाआधीच्या भेटींना करार हवाच. पण करार झाला म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेल्सिन विरुद्ध टेव्हा या खटल्यात ठरवलं की, गुप्ततेच्या अटीखाली केलेली विक्रीसुद्धा पेटंटच्या आड येऊ शकते. आमच्या संशोधिकेने कारखान्याशी विक्रीचा शब्दही काढण्याआधी पेटंट सल्लागाराला भेटलेलं बरं.

पहिली पायरी: काय सांगायचं आणि काय नाही

मसुदा उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि माहितीचे तीन ढीग करा. कुणालाही सांगता येईल असं: सील कुठल्या पंपांना बसतं, किती दाब सहन करतं. करार झाल्यावर सांगायचं: मापं, आकार, चाचण्यांचे निकाल. आणि करार झाला तरी या टप्प्यावर सांगायचंच नाही असं: रबराच्या मिश्रणाचं प्रमाण, ग्राहकांची नावं. कारखान्याला साचा बनवता येईल का हे ठरवायला मिश्रण लागत नाही. मग ते द्यायचं कशाला?

हा तिसरा ढीग मला करारापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. करार मोडल्यावर भरपाई मागता येते, पण एकदा कळलेली गोष्ट कुणाच्या डोक्यातून परत काढता येत नाही.

नव्या उद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या संस्था पहिल्या भेटीत एनडीएवर सही करायला बहुधा नकार देतात. त्यांच्याकडे एकसारख्या कल्पना घेऊन अनेक जण येतात आणि प्रत्येकाशी बांधून घेणं त्यांना परवडत नाही. तिथे हट्ट धरू नका. पहिल्या ढिगातलं तेवढं सांगा आणि बोलणी पुढे सरकल्यावर करार मागा.

दुसरी पायरी: एकतर्फी की परस्पर

एकच बाजू माहिती देणार असेल तर एकतर्फी करार, दोघंही देणार असतील तर परस्पर. कारखाना आपली यंत्रं, क्षमता, दर सांगणार असेल तर परस्पर करार योग्य. शिवाय परस्पर मसुद्यावर घासाघीस कमी होते, कारण जी अट तुम्ही घालता ती तुम्हालाही लागू होते. पण तुम्हाला समोरच्याकडून काहीच नको असेल, तर उगाच त्याची गुपितं घेऊन ती सांभाळण्याची जबाबदारी अंगावर ओढू नका.

इथेच पक्षांची नावं तपासा. कंपनीचं नोंदणीकृत पूर्ण नाव हवं, पाटीवरचं किंवा ब्रँडचं नाव पुरत नाही. सही करणाऱ्याला कंपनीच्या वतीने बांधून घेण्याचा अधिकार आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. आणि सहीच्या आधीच काही सांगून झालं असेल तर "दोन्ही पक्षांमध्ये याआधी झालेल्या चर्चेतली माहितीही या करारात येईल" असं एक वाक्य घाला.

तिसरी पायरी: गोपनीय म्हणजे नेमकं काय

इथे घाई करू नका. तयार मसुद्यांत सहसा असं असतं: "एका पक्षाने दुसऱ्याला दिलेली कोणत्याही स्वरूपातील सर्व माहिती गोपनीय समजली जाईल." देणाऱ्याला हे सोयीचं वाटतं. पण व्याख्येत सगळंच आलं की वाद झाल्यावर कशावर बोट ठेवायचं हा प्रश्न उरतोच, आणि मोपेडच्या खटल्यात जे झालं तेच होण्याची भीती राहते. घेणाऱ्यालाही कोणती गोष्ट जपायची हे कळत नाही. दुसरं टोक म्हणजे "गोपनीय असा शिक्का असलेलीच माहिती". हे नेटकं आहे, पण बैठकीत तोंडी सांगितलेलं आणि फळ्यावर काढलेलं सगळं त्यातून निसटतं.

मी मधला मार्ग सुचवेन: विषय ठरवा, त्याखाली प्रकार सांगा, आणि तोंडी माहितीची सोय करा. उदाहरणार्थ:

"गोपनीय माहिती म्हणजे पंपासाठीच्या सीलची मापं, रेखाटनं, नमुने, चाचण्यांच्या नोंदी आणि उत्पादनखर्चाचे अंदाज, ती लेखी, तोंडी, डिजिटल किंवा प्रत्यक्ष पाहणीतून मिळाली असली तरी. तोंडी दिलेली माहिती देणाऱ्या पक्षाने ३० दिवसांच्या आत लेखी नोंदवून कळवावी. अशी नोंद करायची राहिली तरी, जी माहिती गोपनीय आहे हे तिच्या स्वरूपावरूनच कोणत्याही जाणत्या व्यक्तीला कळेल, ती गोपनीयच समजली जाईल."

शेवटचं वाक्य विसरभोळेपणासाठी आहे. ३० दिवसांत पत्र पाठवायचं राहून जातं, अगदी काळजी घेणाऱ्यांकडूनही.

तोंडी माहितीची एवढी चिंता का, हे १९६७ च्या सीगर विरुद्ध कोपीडेक्स या इंग्रजी खटल्यातून कळतं. गालिचा जमिनीला धरून ठेवणाऱ्या एका पट्टीविषयी बोलणी चालू असताना संशोधकाने ओघात दुसऱ्याच एका रचनेची कल्पना सांगितली. बोलणी मोडली. पुढे कंपनीने तशीच पट्टी काढली, ती कल्पना स्वतःचीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने. न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, कारण नकळत झालेला वापरही वापरच. समोरचा माणूस भला असला तरी असं होऊ शकतं. ऐकलेली गोष्ट डोक्यात मुरते आणि काही महिन्यांनी स्वतःची म्हणून वर येते.

चौथी पायरी: कशासाठी

उद्देशाचं कलम एका ओळीचं असतं म्हणून त्याकडे कुणी पाहत नाही. "व्यावसायिक संबंधांच्या हेतूने" असं लिहिलं तर जवळजवळ काहीही त्यात बसवता येतं. आमच्या संशोधिकेसाठी ते असं हवं: "सीलचं उत्पादन करणं शक्य आहे का हे तपासण्यासाठी आणि त्याचा अंदाजखर्च कळवण्यासाठी, अन्य कोणत्याही कारणासाठी नाही." जोडीला नमुना उकलून त्याची रचना शोधायला मनाई असल्याचंही लिहा. बऱ्याच कायद्यांत, युरोपच्या २०१६ च्या निर्देशातही, हाती कायदेशीरपणे आलेली वस्तू उकलून पाहणं मुळात गैर नसतं. ते नको असेल तर करारातच सांगावं लागतं.

पाचवी पायरी: अपवाद

चार अपवाद जवळजवळ प्रत्येक करारात असतात आणि असायलाच हवेत. घेणाऱ्याच्या चुकीशिवाय सार्वजनिक झालेली माहिती, त्याला आधीपासून ठाऊक असलेली, दुसऱ्या कुणाकडून रीतसर मिळालेली, आणि त्याने स्वतंत्रपणे शोधलेली. देणाऱ्याच्या बाजूने असाल तर मागच्या तिन्हींना "लेखी नोंदींनी दाखवता येईल अशी" हे शब्द जोडून घ्या. घेणाऱ्याच्या बाजूने असाल तर सही करण्याआधीच, या विषयात आपल्याकडे काय काय आहे याची तारीख घालून नोंद करून ठेवा. वर्षभराने "हे आम्हाला माहीतच होतं" म्हणताना तोच कागद कामी येतो.

न्यायालयाने किंवा सरकारी यंत्रणेने माहिती मागितली तर ती द्यावीच लागते. तिथे कायद्याने मुभा असेल तर देणाऱ्याला आधी कळवायचं आणि मागितली आहे तेवढीच द्यायची, अशी तरतूद पुरते.

कुणाला, किती काळ

कर्मचारी, वकील, लेखापाल यांना सांगायला परवानगी असते, पण "ज्यांना त्या कामासाठी गरज आहे त्यांनाच" अशी मर्यादा हवी, आणि त्यांच्या चुकीची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीवर हवी. कारखाना साच्याचं काम बाहेर देणार असेल तर तो उपकंत्राटदार लेखी बंधनाशिवाय चित्रात येता कामा नये.

मुदतीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. माहितीची देवाणघेवाण किती काळ चालेल ही एक, आणि मिळालेली माहिती त्यानंतर किती काळ जपायची ही दुसरी. "हा करार दोन वर्षांसाठी आहे" एवढंच लिहिलं तर तेविसाव्या महिन्यात दिलेलं रेखाटन महिन्याभरात मोकळं होतं. सर्वसाधारण व्यापारी माहितीसाठी दोन ते पाच वर्षं जपणूक चालते. खऱ्या गुपितासाठी, म्हणजे मिश्रण, प्रक्रिया, सॉफ्टवेअरचा मूळ कोड यांसाठी "जोवर ती व्यापारी गुपित राहते तोवर" असं वेगळं लिहा. मुदत संपलेल्या करारामुळे गुपिताचं संरक्षणच गेलं, अशा दृष्टीने काही अमेरिकी न्यायालयांनी पाहिलं आहे. कोका-कोलाचं सूत्र पेटंट न घेता गुपित म्हणून जपलं गेलं ते यासाठीच. पेटंटला मुदत असते, नीट जपलेल्या गुपिताला नसते.

काम संपल्यावर माहिती परत करायची की नष्ट करायची, किती दिवसांत, आणि तसं लेखी कळवायचं का, हेही लिहा. संगणकाच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमधून एकेक फाइल काढणं शक्य नसतं. तिथे "ती प्रत वापरणार नाही आणि बंधन चालू राहील" एवढं कबूल करणं प्रामाणिकपणाचं आहे. अशक्य वचनावर सही घेऊन कुणाचाच फायदा होत नाही.

मोडल्यास काय, याविषयी थोडक्यात: तातडीचा मनाई हुकूम मागण्याचा हक्क, भरपाई, लागू होणारा कायदा आणि वाद चालवण्याचं ठिकाण. डोळे दिपवणारी दंडाची रक्कम टाकण्याचा मोह होतो. नुकसानीशी ताळमेळ नसलेला दंड अनेक देशांतली न्यायालयं मान्य करत नाहीत किंवा कमी करतात.

करारात लपून आलेल्या गोष्टी

समोरून आलेला मसुदा वाचताना आधी हे शोधा. काम न करण्याची अट: "पुढील तीन वर्षं या क्षेत्रात व्यवसाय करणार नाही." ही गोपनीयता नव्हे, स्पर्धाबंदी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या २७ व्या कलमाखाली किंवा कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली असं बंधन बहुतेक वेळा रद्दबातल ठरतं, इतर ठिकाणी ते टिकूही शकतं. हक्क हस्तांतर: "चर्चेतून निर्माण होणाऱ्या सर्व कल्पना कंपनीच्या मालकीच्या." आणि स्मृतीचं कलम: "कर्मचाऱ्यांच्या स्मरणात राहिलेली माहिती वापरण्यास कंपनी मोकळी असेल." हे शेवटचं वाक्य निरुपद्रवी दिसतं, पण आधीची सगळी पानं पोकळ करून जातं.

याहून गंभीर म्हणजे गैरप्रकार झाकण्यासाठी केलेला करार. लैंगिक अत्याचाराचे आरोप झालेले हॉलिवूडचे निर्माते हार्वी वाइनस्टाइन यांच्या माजी सहायक झेल्डा पर्किन्स यांनी १९९८ मध्ये अशा करारावर सही केली होती. २०१७ मध्ये त्यांनी तो मोडून उघड बोलायचं ठरवलं, तोवर एकोणीस वर्षं गेली होती. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने, वाद उद्भवण्याआधीच केलेले गोपनीयता करार लैंगिक छळाच्या आणि अत्याचाराच्या प्रकरणांत लागू करता येत नाहीत. तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या २०११ च्या नियमानुसार गैरव्यवहाराची माहिती नियामकाला देण्यापासून गोपनीयता कराराचा आधार घेऊन कुणाला अडवता येत नाही. तुम्ही कुठेही असा, कर्मचाऱ्यांसाठी करार करत असाल तर "गुन्हा, छळ किंवा कायदाभंग याची तक्रार योग्य यंत्रणेकडे करण्यास या करारामुळे बाधा येणार नाही" हे वाक्य स्वतःहून घाला. आणि तुमच्यापुढे आलेल्या करारात याच्या उलट काही असेल तर सही करू नका, आधी वकिलाला दाखवा.

बदल मागताना भांडणाचा सूर लागत नाही. इतकं लिहिलं तरी पुरतं: "करारातील बाकी मजकूर मान्य आहे. कलम ४ मधील उद्देश सोबत दिल्याप्रमाणे नेमका करावा आणि कलम ९ वगळावं, म्हणजे लगेच सही करता येईल." बहुतेक कंपन्या अशा दोन-तीन दुरुस्त्या मान्य करतात. मागणाराच विरळा.

सही झाल्यावर

खरं काम इथून पुढे आहे. एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, कुणाला, काय दिलं, कोणत्या मार्गाने. फाइलच्या नावात आणि प्रत्येक पानावर "गोपनीय" आणि घेणाऱ्याचं नाव घाला. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवा: "आज आपण सीलच्या कडेची रचना आणि दुसऱ्या चाचणीचे निकाल पाहिले, ते आपल्या करारानुसार गोपनीय आहेत." तोंडी माहितीची ३० दिवसांची अट त्यातच पूर्ण होते.

माहिती घेतली असेल तर ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मोजक्याच लोकांना तिथे प्रवेश द्या. दुसऱ्याचा आराखडा एखाद्या एआय चॅटमध्ये टाकून सारांश काढून घेणं, हे त्रयस्थाला माहिती देणं ठरू शकतं. करारात परवानगी नसेल तर ते करू नका, आणि देणाऱ्याने ही गोष्ट करारात स्पष्टच लिहावी. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याकडच्या प्रती परत घ्या आणि बंधन अजून चालू असल्याचं त्याला लेखी कळवा.

करार मोडला असा संशय आला तर रागाच्या भरात फोन करू नका. आधी पुरावा जपा: ती जाहिरात, ते संकेतस्थळाचं पान, ते उत्पादन विकत घेतल्याची पावती, सगळं तारखेसह. मग नोंदवही उघडून ताडा की जे बाहेर आलं ते आपण नेमकं कधी आणि कोणत्या कागदात दिलं होतं, आणि चार अपवादांपैकी एखादा समोरच्याला लागू पडतो का. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस जाते: कोणतं कलम, कोणती माहिती, वापर थांबवण्याची मुदत, प्रती परत करण्याची मागणी. मनाई हुकूम हवा असेल तर दिवस महत्त्वाचे असतात, कारण महिनोन्‌महिने गप्प बसलेल्याला तातडी पटवून देणं अवघड जातं. संशोधिकेच्या नोंदवहीत त्या चार ओळींचे ईमेल असतील, तर नोटिशीचा मसुदा एका दुपारी तयार होतो.